त्या स्टेशनची पाखरं

माय, तुझी पाखरं आज कॉलेजातून गेली. दोन माणसं आली होती. हातात रबरी मोजे, तोंडाला फडकी. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं ते हिरवं लोखंडी कपाट उघडून त्यांनी एकेक खण उपसला, सगळी पाखरं जाड पिशव्यांत भरली, पिशव्यांची तोंडं बांधली आणि खाली गाडीत नेऊन ठेवली. मला विभागातून फोन आला होता, कारण त्या कपाटाबद्दल विचारावं असं दुसरं कुणी आता उरलेलं नाही. तिथली तरुण प्राध्यापिका भली आहे. ‘मॅडम, जरा लांब उभ्या राहा, यात सोमल आहे, आर्सेनिक,’ असं तिने मला पुन्हा पुन्हा बजावलं. मला हसूच आलं. तिला वाटलं असेल, म्हातारीला काही कळत नाही. आता तिला कुठे सांगत बसू, की पाखरांच्या कातड्याला आतून लावायच्या सोमलाच्या साबणाची बरणी आमच्या घरात लोणच्याच्या वरच्या फळीवर असायची, आणि चुकून कुणी हात घालू नये म्हणून माझ्या आईने तिच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला असायचा.

‘लोकांच्या आया करंज्या भरतात, माझी आई पाखरं भरायची.’ हे वाक्य मी आयुष्यभर चारचौघांत टाळ्या मिळवायला वापरलं आहे. तुला ते मुळीच आवडायचं नाही. ‘भरत नाही वं, शिवतो,’ म्हणायचीस. खरंच आहे. नागपूरजवळच्या खाप्याच्या विणकराच्या घरची तू, हातात सूत धरून जन्मलेली. लग्न झालं आणि बाबांच्या मागे थेट आफ्रिकेत, टांगानिकाच्या रेल्वेत, आडवाटेच्या एका फाट्यावरच्या स्टेशनात जाऊन पडलीस. एक फलाट, एक पाण्याची टाकी, एक सिग्नल, आपलं क्वार्टर आणि चहूकडे माणसाच्या डोक्यावर जाणारं गवत. रेल्वेचा एक म्हातारा गोरा डॉक्टर ट्रॉलीवरून लाइनीवर फिरायचा. त्याला पाखरांचा नाद. जाळं लावून पाखरं धरायची, सोलायची, कापूस भरून शिवायची आणि पायाला ठिकाणाची चिठ्ठी बांधून विलायतेच्या संग्रहालयाला पाठवायची, हा त्याचा उद्योग. आपल्या ओसरीत बसून तो एकदा पाखरू शिवत होता आणि ते तुझ्याने बघवेना. ‘डागदर, सरका तिकडं. असे टाके घालसान तर पोतं बी उसवन.’ बाबांनी याचं काय भाषांतर केलं देव जाणे, पण डॉक्टर सरकला. तिथून पुढे त्या फाट्यावरच्या सगळ्या स्टेशनांची पाखरं तुझ्या हातून गेली. आणि भरायला कापूस कुठून आणलास, तर लग्नात माहेरून आलेल्या गादीचा. एक कोपरा उसवून ठेवला होतास. बाबा म्हणायचे, हिचं रुखवत पाखरांनी खाल्लं.

हे सगळं मला आठवतं, की तू सांगितलेलं आठवतं, ते आता वेगळं काढता येत नाही. मी तेव्हा चार-पाच वर्षांची असेन. पण ते पाखरू मात्र मी डोळे मिटून सांगू शकते. चिमणीहून लहान, जाड बुटकी चोच, गवताचं बी फोडून खाणारं. आपल्याकडे पिंजऱ्यात ठेवतात त्या कॅनरीचं रानटी नातेवाईक म्हणायचे त्याला तेव्हा. पाठ हिरवी, पोट पिवळं, आणि डोळ्यावर पिवळीजर्द भुवई. नराचा गळा मोकळा, मादीच्या गळ्याला काळपट ठिपक्यांची ओळ. तू बाबांना विचारलंस म्हणे, ‘पाखरांतबी बाईच्याच गळ्यात पोत काहून गा?’ तुझ्यासाठी ते कायमचं ‘भुवईवालं’ झालं. त्याचं मोठं लॅटिन नाव तू नंतर चिठ्ठ्यांवर सुबक अक्षरात उतरवून काढायचीस, पण तोंडाने कधी घेतलं नाहीस.

डॉक्टरने तुला एक खेळ शिकवला होता, तो तू मला नागपुरात शिकवलास. भुवईवाले ओळीने ठेवायचे. समुद्राकाठचा पहिला, मग जसजशी लाइन आत जाते तसतसा एकेक, शेवटी पार डोंगराकडचा. सलग बघत गेलं तर कुठेच काही बदलत नाही. शेजारचा शेजारच्यासारखाच. पण मधले सगळे उचलून पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवले, की एक पिवळा, छोटा, नव्या नवरीसारखा, आणि दुसरा अंगाने थोराड, पाठीवर गडद रेघा. एकच पाखरू, पण ठिकाणाठिकाणाचं वेगळं. पुस्तकात याला उपजाती म्हणतात. तू तो शब्द वापरायची नाहीस. ‘ठिकाणची पाखरं’ म्हणायचीस. मी बी.एस्सी.ला असताना पाठ केलेली व्याख्या तुला घडाघडा म्हणून दाखवली, तर तू भाकरी थापता थापता म्हणालीस, ‘म्हंजे असं नं, पुण्याचा मानूस मला म्हणते, आपन मले म्हणतो. हसते तो आपल्याले. पन सोयरीक होते.’ मी पुढे तीस वर्षं शिकवलं, माय, पण उपजातीची याहून बरी व्याख्या मला करता आली नाही. मुलांना मी तीच सांगायचे.

भाऊ त्याच स्टेशनात गेला. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून बसले की माझा हात थांबतो, तरी लिहिते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिथली पावसाळ्याची मोठी झड लागली होती, त्यात त्याला ताप चढला. डॉक्टर लाइनीच्या दुसऱ्या टोकाला अडकलेला. रूळ वाहून गेले होते, तो पोचला तेव्हा उशीर झाला होता. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत. बाबांनी आणि रूळ बदलणाऱ्या पॉइंटवाल्याने सिग्नलच्या पलीकडे एका झाडाखाली खड्डा केला. पुढे बाबांची बदली समुद्राकाठी झाली, मग तो देश स्वतंत्र झाला आणि आपण नागपूरला परतलो. त्या स्टेशनाचं नाव आपल्या घरात कुणी उच्चारत नसे. मीही इथे लिहीत नाही.

नागपूरच्या महाल वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत एक पत्र्याची पेटी आली होती, तुला आठवतच असेल. तिच्यात डॉक्टरने जाताना तुला दिलेली पाखरं. प्रत्येक स्टेशनची जास्तीची होती ती त्याने तुझ्यापाशीच ठेवली होती. मी एकदा दुपारी ती उघडून भुवईवाले पाटावर मांडले आणि त्यांच्या पुढ्यात वरीचे दाणे टाकले. तू आलीस आणि माझ्या पाठीत धपाटा घातलास. मला मोरीवर नेऊन राखेने हात घासलेस, कातडी सोलून निघेल इतके. ‘मेलेल्याले खाऊ घालते काय वं?’ असं ओरडलीस, आणि मग तशीच मोरीवर बसून राहिलीस. मला वाटलं, विषाची भीती. तसंही असेल. पण सर्वपित्रीला बाबा आपल्या आईवडिलांचं पान कौलांवर ठेवायचे, तेव्हा त्याच्या बाजूला तू वाटीभर दूधभात मुकाट्याने ठेवायचीस. तो कुणासाठी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कॉलेजात तू कशी शिरलीस तेही गमतीचंच. तिथल्या भरलेल्या पाखरांना कसर लागली होती, आणि सरांना, म्हणजे विभागप्रमुखांना, कुणीतरी सांगितलं की महालात एक आफ्रिकेहून आलेली बाई आहे. सर पुण्याचे, अघळपघळ, स्वभावाने निर्मळ. त्यांनी तुला प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लावून घेतलं आणि तुझी पेटी कपाटात ठेवायला जागा दिली. मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, ‘कॉलेजात जाते, पन काय करते तं मेलेल्या चिमण्या शिवते.’ तू नऊवारी खोचून, वर पांढरा कोट चढवून जायचीस. मी त्याच कॉलेजात शिकायला आले तेव्हा वर्गातल्या मुली तुला बघून हसायच्या आणि मीही, लाज वाटून, थोडं हसायचे. तुला ते दिसायचं. पण डब्यातली माझ्या वाटणीची चटणी तू कधी कमी केली नाहीस.

मग सरांनी एकदा सहज भुवईवाल्यांची ओळ लावली. उत्तरेच्या खिडकीपाशी, ऊन नसलेल्या उजेडात, डॉक्टर लावायचा तशीच. आणि त्या ओळीत एका ठिकाणी त्यांची नजर अडली. आपल्या त्या स्टेशनची सात-आठ पाखरं बाकीच्यांत मिसळेनात. अलीकडच्या स्टेशनची हिरवी, पलीकडच्या स्टेशनची हिरवी, आणि मध्येच ही काळपट तपकिरी, पोटाचा पिवळा मोहरीसारखा मळका. सरांनी होती नव्हती ती पुस्तकं काढली. असा रंग कुणीच नोंदलेला नव्हता. त्यांचा तर आनंद गगनात मावेना. डोंगरांच्या मधल्या त्या खोलगट भागात ही निराळी उपजाती झाली असावी, असं त्यांनी ठरवून टाकलं. शास्त्रीय टिपण लिहायचं, पाखरं तपासायला बाहेर पाठवायची आणि तिला नाव द्यायचं. ते म्हणाले, ‘बाई, नाव तुमचंच ठेवू. तुमच्या हातची आहेत.’ तू म्हणालीस, ‘माह्या नावाचं काय करता सर? त्या टेसनाचं ठेवा.’

मी तिथेच होते. मला तेव्हा कळलं नाही, संध्याकाळी घरी कळलं. तू भाकरी करत होतीस, बाबा जेवत होते. बाबांच्या एका जुन्या सोबत्याने मागे कळवलं होतं की ती लाइन आता सरळ करून दुसरीकडून नेली आहे. आपलं स्टेशन बंद. टाकी काढून नेली, फलाटावर गवत, वेळापत्रकात नाव नाही, नकाशातही नाही. हे कळल्यापासून तू आतून खचली होतीस. सिग्नलच्या पलीकडचं झाड, पण सिग्नलच नाही तर पलीकडचं काय राहणार. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि बाबांना म्हणालीस, ‘त्याचं नाव राहीन आता.’ बाबांनी विचारलं, ‘पोराचं?’ तू म्हणालीस, ‘टेसनाचं. एकच हाय.’ बाबांनी ताटात हात धुतला आणि ते बाहेर जाऊन बसले. जगात कुठेतरी, कुठल्यातरी जाड पुस्तकात त्या ठिकाणाचं नाव छापून राहावं आणि ते कुणाला पुसता येऊ नये, एवढंच तुला हवं होतं. त्या दिवसांत तू कामावर जाताना केसात अबोलीचा गजरा माळायचीस. मला तो अजून दिसतो.

आता ते सांगते, जे तुला माहीतच आहे. उन्हाळा होता, कॉलेजला सुट्टी, खिडक्यांना लावलेले वाळ्याचे ताटे दर थोड्या वेळाने ओले करत आपण दोघीच प्रयोगशाळेत होतो. पाठवायच्या पाखरांच्या चिठ्ठ्या तू नव्याने लिहीत होतीस आणि मी एकेक पाखरू हातात देत होते. पाठ, पोट, शेपटी सगळं सरांनी भिंगातून पाहिलं होतं. डोळे कोण बघतं? डोळे खरे नसतातच, ते नुसते कापसाचे बोळे. मी काही शोधत नव्हते. सहज विचारलं, ‘माय, यायचेच डोळे पिवळे काहून? बाकीच्यायचे तं पांढरे हायेत.’ तू चष्मा कपाळावर सारून पाखरू हातात घेतलंस. दुसरं घेतलंस, अलीकडच्या स्टेशनचं. मग पलीकडच्या स्टेशनचं. तुझा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला. म्हणालीस, ‘कापूस तं एकाच गादीचा हाय वं. कापूसबी ठिकाणावर बदलते काय?’

मग स्टुलावर बसलीस आणि म्हणालीस, ‘बेंझिनची बाटली आन.’ बोळा भिजवून तू एका पाखराच्या पाठीवरून, डोक्याकडून शेपटीकडे, पिसांच्या कलाने फिरवलास. बोळा काळा झाला. दुसरा घेतलास, तोही काळा. ओल टिपायला पिसांवर पांढरी पूड भुरभुरलीस, वहीच्या पुठ्ठ्याने वारा घातलास, मऊ कुंचल्याने झटकलंस. अर्धं पाखरू तसंच मळकं आणि अर्धं हिरवंगार, कमरेवर हळदीसारखं पिवळं. ते तू शेजारच्या स्टेशनच्या पाखरांत नेऊन ठेवलंस. धुतलेल्या बाजूने बघितलं तर कुठलं कुणाचं ते तुलाही ओळखता आलं नसतं. नागपूरच्या त्या उन्हात बेंझिन केव्हाच उडून गेलं होतं, वास तेवढा राहिला होता.

‘शिंकाळ्यावर होते ते,’ तू म्हणालीस. ‘चुलीवरच्या.’ एरवी शिवलेली पाखरं जाळीच्या फळीवर ओसरीत वाळत ठेवायचीस. त्या झडीत ओसरी गळत होती म्हणून फळी स्वयंपाकघरात आणून चुलीवरच्या शिंकाळ्यात ठेवली. तेवढी एकच खोली कोरडी, म्हणून भावाची खाटही तिथेच आणली. शेकायला, पाणी तापवायला चूल रात्रंदिवस पेटती, लाकूड ओलं, खोलीभर धूर. भाऊ गेला. त्यानंतर बदली होईपर्यंत त्या घरात कुणीही वर मान करून शिंकाळ्याकडे बघितलं नाही. पुढे सामान बांधताना पाखरं कुणीतरी पेटीत ठेवून दिली असणार. म्हणजे ज्या रंगाला सर नाव देणार होते तो रंग पाखरांचा नव्हताच. आपल्या चुलीचा होता.

तू रडली असतीस तर बरं झालं असतं. मला तुझ्या गळ्यात पडावंसं वाटत होतं, पण तू पूड सांडलेलं टेबल पुसायला घेतलंस आणि मी वाळ्याचे ताटे ओले करायला गेले. आपल्या घराची रीतच ती. कुणाचं काळीज फाटलं की दुसऱ्याने काहीतरी कामाला लागायचं.

सर गावाहून आले त्या दिवशी तू त्यांच्यापुढे अर्धं धुतलेलं पाखरू ठेवलंस. ‘नाव नोका देऊ सर. धूर हाय तो.’ सरांनी ते पाखरू हातात घेऊन चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचंही स्वप्न होतंच की. तरी ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘बाई, रंग नसला तरी मापात फरक निघेल कदाचित. पंख मोजून पाहू.’ पंख, चोची, पाय, सगळं मी मोजलं, आणि मोजताना मी कशाकशाला नवस बोलले ते मला ठाऊक. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, पण त्या दिवशी मला फक्त पाखरांचे पंख थोडे लांब हवे होते. काही फरक निघाला नाही. शेजारच्यांसारखीच ती पाखरं. सर म्हणाले, ‘असू द्या. मोठमोठ्या लोकांनी कोळशाच्या गावची चिमणी निराळी म्हणून नोंदली असेल.’ तू हसलीस. घरी येताना मात्र टांगा करू म्हणालीस. तू कधी टांगा करत नसायचीस.

उरलेल्या सुट्टीत तू एकेक करून ती पाखरं धुतलीस. सांगितलं कुणीच नव्हतं. मला तेव्हा तुझा रागच आला. त्या ठिकाणाचं जे काही निराळं राहिलं होतं, ते तू स्वतःच्या हाताने पुसून काढते आहेस असं वाटायचं. ‘काहून धुते?’ मी विचारलं तर म्हणालीस, ‘पाखराचा रंग पाखराले परत द्यावा. त्याईनं काय केलं आपलं?’ गजरा मात्र तू नंतर कधी माळला नाहीस.

मला सावनेरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा आदल्या दिवशी तू मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिलास. आत कापसावर भुवईवाला, त्या स्टेशनची चिठ्ठी पायाला. तसाच काळपट. ‘एवढा धुवाचा राहून गेला,’ म्हणालीस. ‘घरी ठेव. कधी पोरायले दाखव.’ मी नव्या मास्तरणीच्या तोऱ्यात म्हणाले, रविवारी मीच धुऊन टाकते. तू डबा माझ्या हातातून हिसकावलास. इतकी रागावलेली मी तुला त्या मोरीवरच्या दुपारनंतर पाहिली नव्हती. ‘तुले देल्ला तो ठेवाले देल्ला. धुवाले नाही.’ मग पुन्हा डबा माझ्या हातात ठेवलास आणि त्यावर तुझा हात बराच वेळ राहिला. तळहात खरखरीत, त्यावर ज्वारीच्या दाण्यांसारखे कठीण ठिपके. आपण समजायचो, भांडी घासून झालेत. तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी मी कुठेतरी वाचलं की सोमलाने तळहात असे होतात. तुझ्या आजारपणात एकाही डॉक्टरने तुझे हात उलटे करून पाहिले नाहीत, आणि मी, प्राणिशास्त्र शिकवणारी, मीही नाही. आज ते रबरी मोजे बघून मला रडू आलं ते यासाठी. त्या पोरीला वाटलं, पाखरांसाठी.

तुला ऐकून मौज वाटेल. तुझ्या भुवईवाल्याला आता त्याच्या जुन्या कुळातून काढून दुसऱ्यात बसवलं आहे. रक्ताची परीक्षा करून ठरवतात आता, रंगावर भिस्त नाही. पिंजऱ्यातली कॅनरी त्याची जवळची बहीण नाहीच म्हणे. उपजातींचंही तसंच, कुणी जास्त मानतं, कुणी दोन-चार एकीत घालून कमी करतं. सरांनी तेव्हा नाव दिलं असतं तरी एव्हाना कुणीतरी ते पुसलं असतं. मी स्वतःची समजूत घालायला हे पुष्कळदा म्हणून पाहिलं. समजूत पटत नाही. पुसलेली नावंसुद्धा बारीक अक्षरात कुठेतरी छापलेली असतात, माय. तेवढ्यावरही तुझं भागलं असतं.

पिशव्या गाडीत चढवून झाल्यावर त्या प्राध्यापिकेने मला विचारलं, ‘मॅडम, या संग्रहातलं बाहेर कुठे काही नाही ना? असेल तर घरी ठेवू नका, बरं का.’ मी म्हणाले, ‘काही नाही.’ घरी आले आणि कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. हे पत्र मी त्याच्या शेजारी बसूनच लिहिते आहे. डब्यात मावेल अशी एक चिठ्ठी लिहीन म्हणून बसले होते, पण झालं भलतंच लांब. आता याची घडी घालून मी ते कुठे ठेवणार, मलाच माहीत नाही.

एकच सांगायचं राहिलं. तू अधूनमधून मला विचारायचीस, ‘भाऊ आठवते नं वं तुले?’ आणि मी हो म्हणायचे. तो गाडी आली की बाबांची हिरवी झेंडी ओढायचा, टाकीच्या गळतीखाली उभा राहायचा, मला ‘आका’ म्हणायचा. हे सगळं तूच सांगितलेलं मी तुला परत सांगायचे, आणि तुझा चेहरा उजळायचा. मला तो आठवत नाही, माय. चेहरा नाही, आवाज नाही, काही नाही. पण डब्यातलं पाखरू उचलून नाकाशी धरलं, करू नये हे मला चांगलं कळतं, की त्या पिसांत अजून ओल्या लाकडाचा धूर आहे. डोळे मिटले की अंधारी खोली येते, वर काहीतरी टांगलेलं, पाऊस, आणि चुलीकडून तुझा आवाज, ‘निजा आता दोघंबी.’ माझ्यापाशी त्याचं आहे ते एवढंच, तुझ्या तोंडचं ते ‘दोघं’.